डीएमडीसारख्या आजाराची माहिती लोकांपर्यंत कशी पोचवावी?

डीएमडी, म्हणजे ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, हा स्नायू हळूहळू कमकुवत करत नेणारा जनुकीय आजार लोकांना कळावा म्हणून सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारलंय. माझ्या भाच्याला, धाकट्या बहिणीच्या मुलाला, हा आजार आहे. मी म्हणेन, अंगणवाडीपासून.

तीन-चार वर्षांचं मूल जमिनीवरून कसं उठतं, ते बघायला शिकवा. हा आजार असलेला मुलगा आधी पालथा होतो, हात टेकून कंबर उचलतो आणि मग स्वतःच्याच गुडघ्यांवर, मांड्यांवर हात रोवत उभा राहतो. सारखा पडतो, जिन्याचा कठडा सोडत नाही. पोटऱ्या मात्र भरलेल्या, त्यामुळे घरच्यांना तो दणकटच वाटतो. अंगणवाडीताई आणि पीटीचे सर मुलांना रोज पळताना बघतात. डॉक्टरांसमोर तर मूल आईच्या मांडीवर बसलेलं असतं!

पत्रक काढलंत तर त्यात सीपीके हा शब्द मोठ्या अक्षरात हवा. स्नायूंमधून रक्तात येणारं हे एक एन्झाइम, त्याची साधी रक्ततपासणी आहे. या मुलांमध्ये सीपीकेचा आकडा हजारांत जातो. भाच्याचं एसजीओटी-एसजीपीटी, म्हणजे लिव्हरच्या तपासणीत बघतात ती एन्झाइम्स, वाढलेलं निघालं आणि लिव्हरचीच औषधं चालू राहिली. ही एन्झाइम्स स्नायूंमधूनही रक्तात येतात. सीपीके वाढलेलं असेल तर पुढे जनुकीय तपासणीने निदान पक्कं होतं.

आणि आईबद्दल बोला, उघडपणे बोला. स्नायूंना लागणाऱ्या डिस्ट्रोफिन या प्रथिनाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मुलग्याला एक्स आईकडून मिळतो, म्हणून आजार बहुतेक मुलग्यांना होतो आणि बोल मात्र आईला लागतो. माझ्या बहिणीने फार ऐकून घेतलंय. खरं तर सुमारे एक तृतीयांश मुलांमध्ये जनुकातला हा बदल नव्यानेच झालेला असतो, आई वाहक, म्हणजे तो बदल पुढे देणारी, नसतेच. असली तरी त्यात तिचा काय दोष? ही भीती गेली तरच मावश्या, बहिणी वाहक तपासणीला पुढे येतील. मी करून घेतली.

7 सप्टेंबरला जागतिक ड्युशेन दिन असतो. डिस्ट्रोफिनच्या जनुकाचे 79 एक्झॉन, म्हणजे तुकडे, म्हणून 7/9. शाळांमध्ये बोलायला तो दिवस चांगला.

आजार बरा करणारं औषध अजून नाही. पण वेळेत कळलं तर स्टेरॉइड आणि फिजिओथेरपीने चालणं काही वर्षं टिकतं, हृदयावर लक्ष राहतं. निदान झालेल्या घरांना हेही सांगा, की 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार मस्क्युलर डिस्ट्रॉफीसाठी दिव्यांग प्रमाणपत्र मिळू शकतं आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात दुर्मीळ आजारांचं केंद्र आहे.