'दहापर्यंत' म्हणजे दहा धरून की वगळून?

कोथरूडमध्ये शाळकरी मुलांना पायथन ही संगणकाची भाषा शिकवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे: "रेंज(१, १०) ही आज्ञा म्हणजे 'एकपासून दहापर्यंत' असं मी सांगते. मुलं दहाची वाट बघतात आणि पडद्यावर १ ते ९च येतात. इन्क्लुझिव्ह आणि एक्सक्लुझिव्ह यांना मराठीत काय म्हणू?"

ताई, मुलांचं काहीच चुकत नाही. 'पर्यंत' आकड्याला किंवा नावाला लागला की मराठी कान ते टोक आत धरतो. 'दहापर्यंत मोज' म्हटल्यावर कुठलंही मूल नऊला थांबत नाही. मेट्रोचं गरवारे कॉलेजपर्यंतचं तिकीट काढलं की गरवारे कॉलेजला उतरता येतं. टोक धरून मोजायची आपली सवय तर इतकी मुरलेली आहे, की सोमवारी कुणी 'आठ दिवसांनी ये' म्हणालं तर आपण पुढच्या सोमवारी जातो. दोन्ही सोमवार मोजले की आठ भरतात.

पण तोच 'पर्यंत' क्रियापदामागे आला की अर्थ फिरतो. 'पाऊस येईपर्यंत खेळलो' यात पाऊस खेळात धरलेला नाही. तो आला आणि खेळ थांबला. कॉटलिन या संगणकाच्या भाषेतला 'अंटिल' नेमका असाच आहे, १ अंटिल १० म्हटलं की नऊवर काम संपतं. म्हणून वर्गात 'एकपासून दहापर्यंत' ऐवजी 'एकपासून, दहा येईपर्यंत' असं म्हणून बघा. दहा दिसला की थांबायचं, त्याला घ्यायचं नाही. एका क्रियापदाच्या फरकाने मुलांना खरा अर्थ कळेल.

हा पेच जुना आहे आणि आपल्याकडे त्याला नावंही आहेत, याचा मला फार आनंद होतो. पाणिनीचं सूत्र आहे: 'आङ् मर्यादाभिविध्योः'. 'आङ्' म्हणजे 'आ' हा उपसर्ग, तो दोन अर्थांनी येतो. परंपरेने त्यांची फोड अशी करतात: ते टोक सोडून ती मर्यादा, ते टोक धरून तो अभिविधी. आपला 'आबालवृद्ध' हा शब्द अभिविधीचा. त्यात बाळंही आली आणि म्हातारेही. मर्यादा हा शब्द मराठीत राहिला, पण 'सोडून' ही त्याची छटा गेली. अभिविधी तर बोलण्यातून पुरताच गेला. तो परत आणावा असं मी म्हणणार नाही, मुलांना आणखी एक कोडं होईल.

शाळेच्या पुस्तकातले शब्द मात्र जरूर वापरा. सांख्यिकीत वारंवारता सारणी करताना मुलं 'समावेशक' आणि 'असमावेशक' पद्धती शिकतात. असमावेशक पद्धतीत १०–२० आणि २०–३० हे वर्ग असतील तर २० हा प्राप्तांक दुसऱ्या वर्गात जातो. पायथनची रेंज हुबेहूब हीच. फक्त 'असमावेशक रेंज' असं मोघम म्हणू नका, कारण खालचं टोक आतच असतं. 'वरचं टोक असमावेशक' म्हणा.

वरचं टोक सोडायचं तरी कशाला, हे मुलं विचारणारच. त्यांना मुक्कामाचं उदाहरण द्या. महाबळेश्वरला १२ ते १५ तारखेला खोली घेतली तर रात्री तीन, पंधरातून बारा गेले की उत्तर. १५ला तीच खोली पुढच्या कुटुंबाला मिळते. मध्ये रिकामी रात्र नाही की एका रात्रीला दोन दावेदार नाहीत. संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइकस्ट्रा यांनी १९८२ सालच्या एका टिपणात खालचं टोक धरून वरचं सोडण्याचीच बाजू घेतली होती, आणि वजाबाकीने लांबी मिळणं व लागोपाठचे तुकडे नीट जुळणं हे फायदे त्यात सांगितले होते.

चिन्हांच्या बाबतीत मात्र संगणकाच्या भाषांचं एकमत नाही. रुबीत १..१० मध्ये दहा येतो आणि १...१० मध्ये येत नाही. स्विफ्टमध्ये तीन टिंबांनी दहा आत येतो. रस्टमध्ये दोन टिंबं दहा सोडतात, तो हवा असेल तर १..=१० लिहायचं. टिंबं पाठ करून उपयोग नाही, प्रत्येक भाषेत ती नव्याने वाचावी लागतात.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की फळ्यावर नुसता 'पर्यंत' लिहू नका. '१ ते १०, १० धरून' किंवा '१ ते १०, १० वगळून' असं लिहा. धरून आणि वगळून हे रोजच्या हिशोबातले शब्द आहेत, व्याख्या सांगावी लागत नाही. पहिला सराव फाशाचा घ्या. पायथनमध्ये रँडिंट(१, ६) दोन्ही टोकं धरून कुठलाही एक आकडा देतो, रँडरेंज(१, ६) सहा वगळून. दुसरा फासा शंभर वेळा टाकायला लावा आणि सहा किती वेळा पडला ते मुलांनाच मोजू द्या.