हुक्का लाउंजमध्ये नैसर्गिक कोळसा लवकर आणि नीट कसा पेटवायचा?

तुम्ही विचारलंय की दहा हुक्के एकदम चालू असले की नारळाच्या करवंटीचा कोळसा पुरा पडत नाही, पेटायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तर गॅसचा मोठा बर्नर घ्यावा की ब्लोअर लावावा. ब्लोअर लावू नका. निदान तुम्ही म्हणताय तसा, पहिल्या मिनिटापासून तर मुळीच नको.

यावर एका जुन्या सहकाऱ्याशी माझा वाद आहे आणि तो अजून मिटलेला नाही. त्याचं म्हणणं, वारा मारला की चार मिनिटांत कोळसा लाल होतो, मग विजेच्या कॉइल शेगडीवर बारा मिनिटं थांबायचं कशाला? लाल होतो हे खरंच आहे. पण कोळसा पेटतो पृष्ठभागावर, आणि धग आत जायला वेळ घेते, कारण कोळसा उष्णतेचा वाईट वाहक आहे. वाऱ्याने फक्त वरचा थर आणि कडा भराभर जळतात. आत मात्र ओल तशीच आणि तुकडा बांधायला वापरलेला स्टार्चही तसाच कच्चा. असा तुकडा चिलमीवर, म्हणजे हुक्क्याच्या वरच्या तंबाखूच्या भांड्यावर, गेला की वारा थांबतो, गार गाभा बाहेरची धग ओढून घेतो, तुकडा काळवंडतो आणि पहिल्या दहा मिनिटांत त्या कच्च्या भागाचा करपट वास थेट ओढणाऱ्याच्या घशात जातो. गिऱ्हाईक म्हणतं, फ्लेव्हर खराब आहे. फ्लेव्हर चांगलाच असतो.

पटत नसेल तर एकाच खोक्यातले सहा-सहा तुकडे घ्या. सहा ब्लोअरवर लाल करा, सहा कॉइलवर उलटून-पालटून बारा मिनिटं ठेवा. मग दोन्हींतला एकेक लोखंडी ताटलीत चिमट्याने मधोमध फोडा. कॉइलवरचा आतपर्यंत केशरी दिसेल. ब्लोअरवरच्याला लाल साल असेल आणि मध्ये काळा ठिपका, कधी बोराच्या बीएवढा, कधी त्याहून मोठा. शिवाय त्याचे कोपरे झिजून तुकडा गोल झालेला असेल, म्हणजे चिलमीवर जाण्याआधीच त्याचं आयुष्य कमी झालं. ब्लोअर वापरायचाच असेल तर शेवटची मिनिट-दीड मिनिट, तुकडा सगळीकडून पेटल्यावर, वरची राख उडवण्यापुरता. तेव्हाही ठिणग्या उडतात, म्हणून आसपास पडदा, टिश्यू, पुठ्ठा काही नको.

आता तुमची खरी अडचण, म्हणजे हिशेब. 25 मिमीचे चौकोनी ठोकळे किलोत साधारण 72 बसतात, म्हणजे एक तुकडा सुमारे 14 ग्रॅमचा. 26 मिमीचे किलोत 64. फरक एका मिलिमीटरचा, पण कोळसा आठवा हिस्सा जास्त. म्हणून दोन मापं एका शेगडीवर मिसळू नका, पेटायची वेळ जुळत नाही. हुक्क्याला तीन तुकडे आणि दर पंचवीस मिनिटांनी बदल धरला, तर दहा हुक्क्यांना पंचवीस मिनिटांत 30 तुकडे लागतात. एका कॉइलवर मधल्या फटी धरून चार बाय चार, म्हणजे 16 तुकडे नीट बसतात. बारा मिनिटांची एक खेप धरली तर पंचवीस मिनिटांत 32. कागदावर पुरतं. प्रत्यक्षात उलटणं, उचलणं, नवे मांडणं यात दर खेपेला दोन-तीन मिनिटं जातात आणि नवीन ऑर्डर आली की सगळं कोलमडतं. उपाय म्हणजे दोन कॉइल शेगड्या, सहा मिनिटांच्या अंतराने. उचलण्या-मांडण्याचा वेळ धरूनही दर सात-आठ मिनिटांनी 16 निखारे हातात. यासाठी मोठा बर्नर लागत नाही, घड्याळ लागतं.

मांडताना तुकड्यांत तीन-चार मिमी फट ठेवा. चिकटवून ठेवलेत तर मधल्यांना हवा मिळत नाही, फार लांब ठेवलेत तर एकमेकांची धग मिळत नाही. पाच-सहा मिनिटांनी खालची बाजू लाल आणि बाजूंवर निम्म्यापर्यंत करडी रेघ चढली की उलटा. मग कडेचे आत, आतले कडेला. शेवटी प्रत्येक तुकडा चिमट्यात धरून उजेडाच्या उलट बाजूला फिरवून बघा. सहाही बाजूंवर एकही काळा डाग नको. बहुतेक वेळा डाग कोपऱ्यात नसतो, वरच्या बाजूच्या मध्यावर असतो, आणि तिथेच कोणी बघत नाही.

तयार निखारे झाकणाला भोकं असलेल्या लोखंडी डब्यात, पातळ राखेवर, आठ-दहा मिनिटं चांगले राहतात. झाकण घट्ट लावलं तर विझतात. विझलेला तुकडा पुन्हा लवकर पेटतो, पण लवकर संपतोही, तो गिऱ्हाइकाला देऊ नका.

पंधरा-वीस मिनिटं लागत असतील तर मला आधी ओलीचा संशय येतो. उघडं खोकं पाण्याच्या जवळ ठेवलं की कोळसा हवेतली ओल धरतो. दोन तुकडे एकमेकांवर वाजवा. खणखणीत आवाज आला तर कोरडा, भद्द आला तर ओला. ओला तुकडा पेटताना फुटतो आणि ठिणगी उडते. झाकणाच्या डब्यात ठेवा, रोजच्या पुरताच बाहेर काढा.

गॅस हवाच असेल तर बर्नर आणि कोळशामध्ये भोकांची स्टीलची थाळी ठेवा. राख थेट बर्नरमध्ये पडली की भोकं बुजतात आणि ज्योत पिवळी होते. इंडक्शनवर कोळसा तापतच नाही. काचेच्या शेगडीवर ठेवू नका, काच तडकू शकते. ॲल्युमिनियमचं काही कॉइलवर टेकवू नका, ते 660 अंशांना वितळतं. आणि 1500 वॅटच्या दोन शेगड्या 230 व्होल्टवर मिळून तेरा अँपिअर घेतात, त्या एका साध्या एक्स्टेन्शनवर लावल्या तर प्लग वितळू शकतो.

हे आधी लिहायला हवं होतं: दोन शेगड्यांवर मिळून 32 तुकडे म्हणजे जवळपास साडेचारशे ग्रॅम कोळसा एका खोलीत जळतोय. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. बाहेर नेणारा एक्झॉस्ट शेगडीच्या अगदी वर हवा, आणि कोळसा पेटवणाऱ्याच्या डोक्याच्या उंचीवर मोनॉक्साइडचा अलार्म. त्या माणसाला डोकेदुखी, मळमळ सुरू झाली तर आधी त्याला बाहेर मोकळ्या हवेत काढा, मग शेगडी बंद करा. कोळसा कितीही नीट पेटवला तरी त्याचा धूर निरुपद्रवी होत नाही, निखारा पूर्ण पेटलेला असला तरी वायू निघतोच.

राख रात्री प्लॅस्टिकच्या पिशवीत भरू नका. राखेखालचा निखारा दुसऱ्या दिवसापर्यंतही जिवंत राहतो. झाकणाची लोखंडी बादली, फरशीवर, भिंतीपासून लांब. पाणी ओतायचं असेल तर हळूहळू आणि तोंड बाजूला ठेवून, एकदम ओतलं तर वाफ राखेसकट वर येते.