भूकंपात मोबाईल बंद पडले तर हॅम रेडिओवाले नेमकं काय करतात? सोलापुरात राहून मला यात उतरता येईल का?

तुम्ही विचारलंय की किल्लारीसारखा भूकंप पुन्हा झाला आणि फोन बंद पडले, तर हॅम रेडिओवाले, म्हणजे सरकारी परवाना घेऊन हौसेने स्वतःच्या वायरलेस सेटवर बोलणारी माणसं, काय करतात. आणि वय 44, शिक्षण कॉमर्सचं, राहणार जुळे सोलापूर, तर तुम्हाला यात येता येईल का. सोबत असंही लिहिलंय की ऑनलाइन दोन वॉकीटॉकी मागवून ठेवायचा विचार आहे. वॉकीटॉकी इतक्यात मागवू नका, कारण खाली सांगतो. येता मात्र नक्की येईल.

माझ्याकडे 1998 पासून हॅमचा परवाना आहे. पण या कामाची गरज मला त्याआधीच कळली होती, 1993 साली.

30 सप्टेंबरची पहाट. आदल्या रात्री अनंत चतुर्दशी, मिरवणुकीहून येऊन आम्ही नुकतेच आडवे झालो होतो. चार वाजायला थोडा वेळ असताना घरातली मांडणी खडखडली, दोन डबे खाली आले. सोलापुरात तेवढ्यावर निभावलं. दिवस उजाडला, सिव्हिलला जखमी यायला लागले, तेव्हा किल्लारी आणि सास्तूर ही नावं तोंडोतोंडी झाली. आमच्या गल्लीतल्या बायकांनी भाकरी थापल्या, शेंगाचटणीच्या पुड्या बांधल्या आणि आम्ही सात-आठ पोरं टेंपो घेऊन नळदुर्ग-उमरग्याच्या रस्त्याला लागलो.

उमरग्याच्या पुढे जे पहिलं पडलेलं गाव लागलं, तिथेच थांबलो. आमच्या आधी तिथे दहा-बारा गाड्या उभ्या होत्या. भाकरीचा ढीग पावसात भिजत होता. एक म्हातारे बाबा म्हणाले, "लेकरांनो, भाकरी बक्कळ आलीय. पहारी द्या, माती उपसायला माणसं द्या. अन् आतल्या गावांत तर कुणी गेलंच न्हाई अजून." आत म्हणजे कुठली गावं, रस्ता चालू आहे का, तिथे काय हवंय, हे सांगणारं कुणीच नव्हतं. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर मातीचं माळवद, असली घरं झोपेतल्या माणसांवर बसली होती. 6.2 रिश्टरच्या धक्क्याने हजारो माणसं गेली, आणि तोवर हा भाग नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात धरलेला होता. एका गावात भाकरीला बुरशी आली, चार कोसांवरचं दुसरं गाव उपाशी होतं. मदत कमी नव्हती, बातमी नव्हती. हे तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलं.

आता तुमचा मूळ प्रश्न. टॉवर पडला नाही तरी मोबाईल बंद पडतो. टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत उतरतात, जनरेटरचं डिझेल पोचत नाही, जमिनीखालची फायबर तुटते आणि जे टॉवर चालू असतात त्यांच्यावर सगळा जिल्हा एकदम फोन लावतो. हॅमला मधलं काहीच लागत नाही. एक सेट, गाडीची 12 व्होल्टची बॅटरी आणि तार. साधारण 100 वॉटचा सेट पूर्ण ताकदीने बोलताना वीसेक अँपिअर ओढतो, नुसतं ऐकताना एक-दीड. म्हणून आम्ही ताकद कमी ठेवतो, थोडं बोलतो आणि भरपूर ऐकतो.

तुमचे वॉकीटॉकी इथे का चालणार नाहीत, तर ते 144 ते 146 मेगाहर्ट्झवर पाच वॉटने बोलतात आणि त्या लहरी जवळपास नजरेच्या रेषेत जातात. जुळे सोलापूर ते सिव्हिल कदाचित जमेल. सोलापूर ते उमरगा नाही. (शिवाय परवान्याशिवाय त्यावर बोलणं गुन्हा आहे.) उमरगा गाठायला 40 मीटरचा पट्टा, म्हणजे 7 मेगाहर्ट्झच्या आसपास. त्याचा डायपोल म्हणजे दोन बाजूंना प्रत्येकी दहा-दहा मीटर तांब्याची तार, मधोमध केबल. ही तार उंच बांधायचा मोह होतो, पण जवळच्या कामाला चार-पाच मीटरवरच बरी. दोन लिंबाच्या झाडांत कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी ताणायची. तिथून लहर जवळजवळ सरळ वर जाते, वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून छत्रीसारखी खाली पसरते आणि उमरगा, लातूर, बार्शी, पुणे असा सगळा टापू कवेत घेते. मध्ये डोंगर असला तरी बिघडत नाही. अंधार पडला की हाच पट्टा जवळच्यांना सोडून लांबच्यांना ऐकू यायला लागतो. तेव्हा 80 मीटरवर जायचं, तार दुप्पट लांब. हे ज्याला माहीत नसतं तो संध्याकाळी सातला "सेट बिघडला" म्हणून डोकं धरून बसतो.

सेट मात्र पैसे टाकले की मिळतो. खरं काम निरोपाचं आहे, आणि ते शिकवलं मला भूजने.

26 जानेवारी 2001, सकाळी पावणेनऊ. कच्छमध्ये 7.7 चा धक्का. भूज, भचाऊ, अंजार, रापर, सगळीकडचे फोन गेले. देशभरातले हॅम सेट घेऊन तिकडे गेले, आणि आमच्यासारखे बाकीचे आपापल्या घरी कान लावून बसले. मी साखर पेठेतल्या आमच्या माडीवर होतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कच्छमधला एक निरोप मधल्या स्टेशनमार्फत, म्हणजे वाटेतल्या दुसऱ्या हॅमच्या सेटवरून, माझ्याकडे आला. आमच्याच भागातले दोघे भाऊ गांधीधामकडे कामाला होते, त्यांच्या आईसाठी. बोलणारा मराठी होता. आवाज लाटेसारखा चढत-उतरत होता. मी लिहिलं: "धाकटा सुखरूप. थोरला सापडला." परत वाचून दाखवलं, पलीकडून काहीतरी आलं, ते खरखरीत बुडालं. मी ते होकार म्हणून धरलं. लगेच सायकल काढून निरोप द्यायला गेलो. त्या माउलीने माझ्या तळहातावर साखर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच निरोप दुसऱ्या स्टेशनकडून आला, या वेळी स्वच्छ. "थोरला सापडला नाही." मला पुन्हा त्याच घरी जावं लागलं. थोरला नंतरही सापडला नाही.

चूक माझी होती, पण तिची जागा आपल्या भाषेत आहे. मराठीत "नाही" शेवटी येतं, आणि रेडिओवर सगळ्यात आधी शेवटच मरतो. आवाज तिथेच बुडतो, बोलणारा बटण तिथेच घाईने सोडतो. तेव्हापासून माझा नियम असा की नकार आधी बोलायचा: "नकार. थोरला मुलगा सापडला नाही. पुन्हा सांगतो, नकार." ज्यांच्यासोबत मी बसतो त्या सगळ्यांना आधी हेच शिकवतो, मग बाकीचं.

बाकीचं म्हणजे हे. निरोप आधी कागदावर लिहायचा, मग बोलायचा. त्याला क्रमांक द्यायचा, वेळ टाकायची. हॅम लोक एरवी नोंदवहीत जागतिक वेळ लिहितात, ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपत्तीत कलेक्टर कचेरीला तो हिशेब जमणार नाही, म्हणून भारतीय वेळ, आणि तसं स्पष्ट बोलून. शब्द मोजून सांगायचे, म्हणजे पलीकडच्याला एखादा गळला तर कळतं. माणसाचं नाव कधीच एकटं पाठवायचं नाही. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, वय. लोहारा-उमरगा भागात नुसता "पाटील" सापडायला आठवडा लागेल. पलीकडच्याने शब्दन् शब्द परत वाचला आणि आपण "बरोबर" म्हणालो, की मगच तो निरोप गेला असं धरायचं. खरखरीतून काहीतरी ऐकू आलं, हा होकार नाही.

"औषधं पाठवा" हा निरोप नसतो. किती जखमी, कशाचे, तिथे डॉक्टर आहे का, गाडी कुठपर्यंत येते, हे हवं. ढिगाऱ्याखाली तासन् तास दबलेल्या माणसाला बाहेर काढलं की तो बोलत असतो, बरा वाटतो, आणि मग चिरडलेल्या स्नायूंतलं विष रक्तात उतरून मूत्रपिंड बंद पडतं. त्याला डायलिसिस असलेलं हॉस्पिटल लागतं. "पाय दबलेले चार, आठ तासांहून जास्त" एवढी एक ओळ वेळेत सोलापूरला आली, तर गाडी कुठे न्यायची ते ठरतं.

एकाच पट्ट्यावर वीस जण एकदम बोलले तर कुणाचंच पोचत नाही. म्हणून एक नेट कंट्रोल असतो, म्हणजे सगळ्यांना पाळीने बोलायला लावणारा हॅम, आणि त्याने बोलावल्याशिवाय कुणी तोंड उघडत नाही. जिवाचा निरोप आधी, मग सामानाचा, मग "आम्ही बरे आहोत" चे. आशिया-पॅसिफिक भागासाठी 7110 किलोहर्ट्झ ही आणीबाणीची जागा ठरलेली आहे, तिथे आधी कान लावायचा. एरवी तिऱ्हाइताचे निरोप आम्हाला नेता येत नाहीत, आपत्तीत मुभा असते. कधी कधी हॅम योगायोगाने जागेवर आधीच असतो: 26 डिसेंबर 2004 ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांची तुकडी हॅम प्रसारणासाठी पोर्ट ब्लेअरलाच होती, आणि अंदमानातल्या लोकांची खबर त्यांनी मुख्य भूमीवर पोचवली.

परवान्याचं अवघड नाही. दूरसंचार विभागाची परीक्षा असते, थोडं रेडिओशास्त्र आणि थोडे नियम. वय किमान 12, वरची मर्यादा नाही. परवान्याच्या रिस्ट्रिक्टेड वर्गाला मोर्स, म्हणजे कट्ट-कडकट्टची सांकेतिक लिपी, लागत नाही, जनरल वर्गाला मिनिटाला आठ शब्द. कॉमर्सवाल्यांना विजेचा ओहमचा नियम महिनाभरात येतो. तोवर बोलता येत नसलं तरी एखाद्या परवानाधारकाशेजारी बसून निरोप लिहून घ्या. आपत्तीत लिहिणाऱ्यांची कमतरता फार असते.

आणि भूकंप झाला की उठून तिकडे पळू नका, 1993 ला आम्ही पळालो तसं. आधी जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाच्या कक्षात नाव असू द्या, बोलावलं तर जा, आणि जाताना स्वतःचं पाणी, कडक भाकरी, अंथरूण, बॅटरी, सगळं सोबत. तिथल्या लोकांच्या ताटातलं काही खायचं नाही. सरावाला आपल्याकडे आषाढी आहे. पंढरपुरात त्या दोन दिवसांत मोबाईल लागता लागत नाही. हरवलेल्या माणसांचे निरोप न्यायची पोलिसांकडून आधी परवानगी घेतली, तर यापेक्षा चांगली शाळा नाही.

आज रात्री एक करून बघा. पंचवीस शब्दांचा निरोप लिहा, त्यात दोन नावं, एक औषध, एक आकडा आणि एक नकार असू द्या. घरातल्या कुणाला तरी दुसऱ्या खोलीत बसवा, मधे कुकर लावा, मिक्सर चालू करा आणि तो ओरडून सांगा. त्यांनी काय लिहिलं ते बघा, आणि कुठला शब्द गळला ते मला खाली कळवा.