पुण्यस्मरणाच्या मजकुरात आजीचा व्यापार लिहावा का?

आपल्या आजींनी अनेक वर्षे स्वतःचा व्यवसाय सांभाळला, आता प्रथम पुण्यस्मरणाचा मजकूर तयार करायचा आहे आणि घरातील वडीलधाऱ्यांचा आग्रह ‘प्रेमळ, कष्टाळू माऊली’ एवढेच छापण्याचा आहे. तेव्हा त्यांच्याबद्दल व्यावसायिक म्हणून लिहावे की घरच्या कर्त्या स्त्री म्हणून, असे आपण विचारले आहे. माझ्या मते व्यापाराबद्दल आधी लिहावे, कारण त्यांची माया कशी होती हे बहुधा त्यातूनच दिसेल.

माझ्या आजीला घरात आणि बाजारात सगळेच आक्का म्हणत. आजोबा लवकर गेले, मुले लहान होती आणि तिचे शिक्षण जुन्या चौथीपर्यंतचे होते. कोल्हापुरात तिने कांदा-लसूण मसाला करून विकायला सुरुवात केली. मसाला चांगला होता, पण तो आमच्या गल्लीत घरोघरी चांगलाच होतो. तिची खरी हुशारी मिरचीच्या खरेदीत होती. ब्याडगी मिरची रंग देते, तिखट मात्र फारशी नसते. तिखटपणासाठी संकेश्वरी जवारी लागते आणि ती घ्यायला आक्का गडहिंग्लजच्या बाजारात स्वतः जाई. मूठभर मिरच्या कानाजवळ धरून ती हलवून पाही. आतले बी खुळखुळले तर माल वाळलेला, आवाज बसका आला तर ओलसर, म्हणजे मिरचीच्या भावाने पाणी विकत घेणे. देठ खुडल्यावर आणि पुन्हा ऊन दिल्यावर किती घट येईल, याचा हिशेब सौदा ठरण्यापूर्वीच तिच्या तोंडी तयार असे. आवक वाढून भाव उतरला की ती मिरची भरून ठेवी आणि चैत्र-वैशाखात, कांडपयंत्रे रात्री उशिरापर्यंत धडधडत असताना, मसाला करून घेई. मधल्या काळात पैसा अडकून पडतो. तो काळ तिने बायकांच्या भिशीवर काढला. भिशी उचलण्याची तिची पाळी मिरचीच्या हंगामातच यावी, अशी व्यवस्था ती दरवर्षी गोडीगुलाबीने करून घेत असे.

देठ खुडायला येणाऱ्या बायकांची मजुरी दर शनिवारी, दुसऱ्या कोणाचेही देणे भागवण्याआधी दिली जाई. उधारीच्या बाबतीत ती मवाळही नव्हती आणि निष्ठुरही नव्हती. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी शहरात शिरले आणि शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला, तेव्हा ज्या खाणावळीत पाणी भरले होते, तिच्या खात्यात आक्काने त्या महिन्याचे आकडे लिहिलेच नाहीत. मात्र जो खाणावळवाला कोरड्या जागी बसून पुराचे निमित्त सांगत होता, त्याच्याकडून दिवाळीपूर्वी पै न पै वसूल केली.

घरातही तिचा न्याय हाच होता. नातवंडांच्या फीचे पैसे त्याच खातेवहीत नावासह लिहिलेले असत आणि नोकरी लागल्यावर ते परत मागितले जात, ज्यातून मीही सुटलो नाही. २००६ चा अन्नसुरक्षा कायदा २०११ पासून लागू झाला आणि व्यवसायाची रीतसर कागदपत्रे करण्याची वेळ आली, तेव्हा तिने ती मुलांच्या नव्हे, तर थोरल्या सुनेच्या नावे केली, कारण मसाला भाजताना धुरात उभी राहणारी तीच होती. काका काही दिवस रुसले होते, पण जेवायला वेळेवर येत.

दिवाळीच्या पाडव्याला वहीपूजन ती स्वतः करी. विधवेने वहीला हळदकुंकू वाहावे, हे नात्यातील काहींना रुचत नसे. शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने इतर गावांनाही तसे आवाहन केले, ती बातमी मी तिला वाचून दाखवली होती. तेव्हा ती म्हणाली, “माझ्या हाताची हळद बारा महिनं निघत न्हाई, आता कुंकवाचं कोण इचारतंय?” आणि पुन्हा धणे निवडू लागली.

हे सगळे ‘माऊली’ या शब्दात मावत नाही. म्हणून आपण आजींबद्दल केवळ नातेवाइकांना विचारू नका; त्यांना माल देणारे अडते, त्यांच्याकडे कामाला असलेल्या बायका आणि जुनी गिऱ्हाइके यांना विचारा, आणि जुन्या वह्या रद्दीत जाण्यापूर्वी एकदा चाळा. जाहिरातीत ओळी मोजक्याच मिळतात, त्यामुळे विशेषणे कमी केली की त्या काय विकत, कोठे बसत आणि किती वर्षे बसल्या, यासाठी जागा होते. वडीलधाऱ्यांना ‘माऊली’ हवीच असेल, तर ती नावाच्या वरच्या ओळीत राहू द्या. त्यावरून घरात वाद घालण्याची गरज नाही.