श्लेष, यमक आणि शेंबूड

प्रश्न असा आलाय: ‘एकच शब्द दोन अर्थांनी वापरला तर त्याला श्लेष म्हणायचं की यमक? आणि कोटी म्हणजे श्लेषच ना?’

शब्द किती वेळा आलाय ते मोजा. एकदाच येऊन दोन अर्थ दिले तर श्लेष. दोनदा आला आणि दर वेळी अर्थ निराळा, तर यमक. ‘मित्राच्या उदयाने कोणाला आनंद होत नाही?’ यात मित्र एकदाच आलाय. तोच दोस्त, तोच सूर्य. खात्री करायची तर ‘मित्र’ काढून ‘सखा’ घाला. सूर्य गेला, म्हणजे श्लेष त्या शब्दातच होता.

ओळींची शेवटची अक्षरं जुळली की ‘काय यमक जुळलंय!’ म्हणतात, ते मात्र आता ऐकवत नाही. मनाच्या श्लोकांतला आठवा घ्या: ‘मना चंदनाचे परी त्वां झिजावे । परी अंतरी सज्जना नीववावे’. ‘झिजावे-नीववावे’ हा नुसता अंत्यानुप्रास. यमक आहे ते ‘परी’त: पहिला ‘परी’ म्हणजे ‘सारखं’, दुसरा म्हणजे ‘पण’. पुन्हा आलेल्या अक्षरांना अर्थ असेल तर तो वेगळाच हवा, ही संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाची स्पष्ट अट आहे. शिकवताना तीच गाळतात आणि उरलेल्याला यमक म्हणतात. ही सोय झाली, व्याख्या नव्हे. नावातच सगळं आहे. यम म्हणजे जुळं. त्याच घरातल्या ‘यमल’वरून आपलं ‘जांवळं’ आलं. चेहरा एक, माणसं दोन.

आता श्लेष. धातू ‘श्लिष्’, म्हणजे चिकटणं. आश्लेष म्हणजे मिठी, विश्लेषण म्हणजे चिकटलेलं सुटं करणं. आश्लेषा नक्षत्राची देवता सर्प, विळखा घालणारा. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात शेतकरी ज्याला ‘आसळका’चा पाऊस म्हणतात तो याच नक्षत्राचा. आणि चिकट म्हणून कफाचं नाव श्लेष्मा. आपला शेंबूड थेट तिथून आलाय!

शेंबडाला ‘देशी’, म्हणजे संस्कृतातून न आलेला शब्द, म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी पायऱ्या मोजाव्यात. श्लेष्माचं पालीत ‘सेम्ह’ झालं. पुढे अपभ्रंशात, म्हणजे प्राकृतानंतरच्या भाषेत, ‘म्ह’चा ‘म्भ’ होतो, हा नियम व्याकरणकार हेमचंद्रानं बाराव्या शतकात लिहून ठेवलाय आणि उदाहरणं दिलीत ती ‘गिंभ’, म्हणजे ग्रीष्म, आणि ‘सिंभ’, म्हणजे श्लेष्मा. मराठीत इ-एच्या आधीचा ‘स’ ‘श’ होतो: सिंदूरचा शेंदूर, सीमेची शीव. तसाच सेंभचा शेंब, आणि त्याला ‘ऊड’ लागून शेंबूड. एकही पायरी ओढूनताणून आणलेली नाही. इतका साफ माग सापडत असताना ‘देशी’ म्हणणं हा निव्वळ आळस आहे. काव्यातला सगळ्यात देखणा अलंकार आणि पोराच्या नाकाखालचा ओघळ ही सख्खी भावंडं आहेत.

चिकटणं हा अर्थ ध्यानात ठेवला की सभंग श्लेष, म्हणजे चिकटलेली अक्षरं निराळी तोडली की दुसरा अर्थ देणारा, तोही कळतो. दमयंती म्हणते, ‘औषध नलगे मजला’. आईला ऐकू येतं ‘न लगे’, औषध नको. मुलीच्या मनात आहे ‘नल गे’: माझं औषध नल आहे गं! म्हणून इथे ‘नलगे’ जोडूनच लिहायचं. छापताना कुणी ‘न लगे’ असं तोडलं की नळराजा ओळीतून नाहीसा होतो आणि उरतं ते औषधाला दिलेला नकार. कितीतरी ठिकाणी हे उदाहरण असंच तोडून छापतात आणि खाली ‘श्लेष’ लिहितात. वाचणाऱ्या पोरांना तो दिसणार कुठून?

राहिली कोटी. न्यायशास्त्रात संशयाच्या दोन बाजूंना दोन कोटी म्हणतात. माझ्या मते वादात बाजू उलटवणाऱ्या चतुर उत्तराला ते नाव तिथूनच मिळालं. कोटी श्लेषावर करता येते, पण श्लेषाशिवायही होते.