पेस्ट कंट्रोलवाल्यांचे इन्शुरन्सचे प्रश्न

पुण्यात दोन पोरं घेऊन काम करतो. सोसायटी एएमसीच्या (वर्षभराच्या कामाच्या कराराच्या) आधी इन्शुरन्सचे पेपर मागतेय. नेमकं काय घेऊ?

सोसायटीला पाहिजे असते पब्लिक लायबिलिटी, म्हणजे तुमच्या कामामुळे तिसऱ्याच कुणाला इजा झाली किंवा त्याच्या सामानाचं नुकसान झालं तर. पण नुसतं "पब्लिक लायबिलिटी द्या" म्हणालात तर 1991 च्या कायद्याखालची ॲक्ट पॉलिसी गळ्यात पडायची, ती भोपाळनंतर घातक केमिकल हाताळणाऱ्यांसाठी आली, तिचा विषय वेगळा. नॉन-इंडस्ट्रियल पब्लिक लायबिलिटी नाहीतर सीजीएल (कमर्शियल जनरल लायबिलिटी) मागा, आणि प्रपोजल फॉर्मवर धंदा "हाउसकीपिंग" नाही, "पेस्ट कंट्रोल" असाच लिहायला लावा, काही एजंट प्रीमियम कमी दिसावा म्हणून ही चलाखी करतात आणि क्लेमच्या वेळी भोगता तुम्ही.

पण खरं सांगू, सोसायटीने मागितली नाही ती आधी घ्या, पोरांची डब्ल्यूसी (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन) पॉलिसी, म्हणजे कामावर इजा किंवा मृत्यू झाला तर भरपाई देणारी. 25 वर्षांचा पोरगा काम करताना दगावला आणि पगार 15,000 धरला तर कायद्यातल्या तक्त्याप्रमाणे भरपाई 16 लाखांच्या वर जाते, हे तुमच्या खिशातून जाणार का? पगार खरा दाखवा, हेल्परही मोजा, मेडिकल एक्स्टेन्शन (उपचाराचा खर्च देणारी जोड) घ्या कारण आपल्याकडे मरण्यापेक्षा विषबाधा होऊन ॲडमिट होणं जास्त. ईएसआय (सरकारी कामगार विमा) लागू असेल तर त्या माणसांसाठी वेगळी डब्ल्यूसी लागत नाही.

फवारणीनंतर कस्टमरच्या टँकमधले मासे मेले, 18 हजार मागतोय. क्लेम होईल?

लायबिलिटी पॉलिसीत बसतं, पण आधी एक्सेस बघा, म्हणजे प्रत्येक क्लेममधली जी रक्कम तुम्हीच भरायची ती. एक्सेस 25 हजार असेल तर हे 18 हजार तुमचेच, कंपनी एक रुपया देणार नाही. आपली पायरेथ्रॉइडची औषधं माशांना फार वाईट, टँक नीट झाकला तरी एअर पंप चालू राहिला तर तो खोलीतली हवाच आत ओढतो. म्हणून जॉब कार्डवर "टँक झाकला, पंप बंद केला" लिहून कस्टमरची सही आणि मोबाईलवर एक फोटो, नुकसान तपासणारा सर्व्हेअर आला की तोंडी काही चालत नाही. आणि कस्टमरला "हो, आमचीच चूक" असं व्हॉट्सॲपवर लिहून देऊ नका, कंपनीला न विचारता चूक कबूल करायची नाही ही पॉलिसीचीच अट असते.

वाळवीची 5 वर्षांची गॅरंटी देतो. वाळवी परत आली तर इन्शुरन्स देईल का?

नाही. परत ड्रिल मारून औषध सोडायचा खर्च तुमचा, इन्शुरन्स खराब कामाचे पैसे देत नाही. ड्रिल मारताना पाण्याची लाईन फुटून खालच्या फ्लॅटचं पीओपी पडलं, तर ते लायबिलिटीत येतं. गॅरंटीसाठी दर जॉबमागे थोडे पैसे बाजूला टाका, दुसरा उपाय मला तरी दिसत नाही.

नाशिकला धान्य गोदामात गोळ्या ठेवून फ्युमिगेशन करतो. साधी लायबिलिटी पुरेल?

अजिबात नाही. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांमधून फॉस्फीन निघतो, तो शेजारच्या खोलीत झोपलेल्या वॉचमनपर्यंत गेला तर कंपनी त्याला "पोल्युशन" म्हणणार, आणि ते साध्या पॉलिसीतून वगळलेलं असतं. "सडन ॲण्ड ॲक्सिडेंटल पोल्युशन" हे एक्स्टेन्शन लेखी घ्या. या गोळ्यांची विक्री आणि वापर दोन्हींवर सरकारी बंधनं आहेत, लायसन्स आणि मंजूर ऑपरेटर नसताना काम केलंत तर कायदा जाणूनबुजून मोडला म्हणून क्लेम उडतो. फ्लॅटमध्ये ढेकणांसाठी गोळ्या ठेवणारे लोक आहेत, त्यांना कुठलीच पॉलिसी वाचवणार नाही आणि वाचवूही नये.

रिन्यूअलला गॅप पडू देऊ नका. या लायबिलिटी पॉलिसी आपल्याकडे बहुतेक क्लेम्स-मेड असतात, म्हणजे घटना जुनी असली तरी क्लेम येतो तेव्हा पॉलिसी चालू पाहिजे आणि घटना रेट्रोॲक्टिव्ह डेटच्या (पॉलिसीत लिहिलेली, जिच्या आधीच्या घटना धरत नाहीत ती तारीख) नंतरची पाहिजे, गॅप पडला की ती डेटच पुढे सरकते.

पोरं स्वतःच्या बाईकवर पंप आणि कॅन नेतात. चालतं?

सगळेच नेतात. पण प्रायव्हेट बाईकच्या पॉलिसीत माल वाहतूक वगळलेली असते, सॅम्पल आणि स्वतःचं सामान सोडून. निदान एक गुड्सची गाडी तुमच्या धंद्याच्या नावावर घ्या आणि कॅन तिच्यातूनच पाठवा.