पाठ होतं, पण राहत नाही

“मॅडम, रोज पंचवीस इंग्रजी शब्द पाठ करते. चार दिवसांनी वही उघडली की पाटी कोरी. माझ्या डोक्यातच काही बिघाड आहे का?”

दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता पुण्यात होस्टेलवर राहून बी.कॉम.चं पहिलं वर्ष. अशी मुलं माझ्याकडे नेहमी येतात. हिने मात्र पुरावा सोबत आणला होता: दोनशेपानी वही, मधोमध पट्टीने मारलेली लाल रेघ, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे एकाच शब्दात मराठी अर्थ.

मी एका ओळीवर बोट ठेवलं. ‘रिलक्टंट – नाखूष’. म्हटलं, याचं वाक्य कर. तिने लगेच लिहिलं, ‘आय अ‍ॅम रिलक्टंट विथ माय रिझल्ट.’

निकालावर नाखूष. मराठीत काय चुकलं? काहीच नाही! आपण निकालावरही नाखूष असतो आणि एखादी गोष्ट करायलाही. इंग्रजी शब्दात फक्त दुसरं येतं, करायला मन तयार नसणं. घोळ त्या उजव्या रकान्याचा होता.

इंग्रजी-इंग्रजी कोश बघ म्हटल्यावर ती बिचकली. “मग अर्थाचाही अर्थ शोधत बसू?” जाडजूड कोशांबाबत ही भीती खरीच आहे. पण शिकणाऱ्यांसाठी वेगळे कोश असतात. लाँगमन या प्रकाशनसंस्थेने 1978 साली काढलेल्या अशा कोशात व्याख्या साधारण 2,000 सोप्या शब्दांतच लिहिल्या होत्या. आता असे कोश मोबाइलवर फुकट उघडतात. तिथेच बसून आम्ही ‘रिलक्टंट’ काढला. व्याख्या तिने एकदा वाचली, खालची वाक्यं तीनदा. मग म्हणाली, “पुढे ‘टू’ येतोय, आणि मग क्रियापद.” हे मी सांगितलं नव्हतं.

बिघाडाचं म्हणाल तर, हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरजोड्या पाठ करून स्वतःचंच विसरणं मोजलं आणि 1885 मध्ये छापलं. पाठ केलेल्यातलं बरंचसं पहिल्याच दिवसात गळतं, असं त्याला दिसलं. त्याने अक्षरं मुद्दाम निरर्थक घेतली होती. हिचे पंचवीस शब्द वाक्याविना आपोआप तसे झाले होते.

ठरलं ते असं: रोज पाचच शब्द. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर शब्द, सोपी व्याख्या आणि घरच्या माणसावर रचलेलं स्वतःचं वाक्य. दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या दिवशी पत्रिका उलटी धरून आठवायचं. सुरुवातीला मीच दोन वाक्यं करून दिली, ती ती साफ विसरली. आजी हॉटेलात जेवायला ‘रिलक्टंट’ असते, हे तिचं वाक्य मात्र टिकलं. आठवड्याने चिडून आली, “पाचाने परीक्षेला काय पुरणार?” मी जुन्या वहीतले पंचवीस शब्द विचारले. सहा आले. पत्रिकांवरच्या पस्तिसांपैकी एकोणतीस.

तिसऱ्या भेटीत तिनेच मला कोड्यात टाकलं. “उष्टं याला इंग्रजीत काय म्हणतात?” मला नेमका शब्द सुचेना. तिने पर्समधून पत्रिका काढली. वर ‘उष्टं’, खाली इंग्रजीत तिचीच व्याख्या: ज्यातलं कुणीतरी आधी खाल्लंय असं अन्न. आणि त्याखाली वाक्य: आजी माझं उष्टं खात नाही, पण धाकट्या भावाचं खाते.